‘एलिमेंटल’च्या शेवटी बाप लेकीपुढे का वाकतो?

पवननगर_किराणा:
नमस्कार मंडळी. नाशिकच्या सिडकोत माझं किराणा दुकान आहे, मागे घर. रविवारी रात्री मुलींनी ‘एलिमेंटल’ लावला, पिक्सारचा, 2023 चा. दुधाची पिशवी, मॅगी, कुणाला सुटे पैसे, असं चारदा उठावं लागलं, त्यामुळे मधला सिनेमा गेला.

पाहिला तो असा. आगीची माणसं गाव सोडून शहरात येतात. दारातल्या साहेबाला नावं उच्चारता येत नाहीत, म्हणून तो नवराबायकोला बर्नी आणि सिंडर करून टाकतो. जागा कुणी देत नाही. शेवटी पडक्या इमारतीत दुकान थाटतात.

इथवर मला कुणी समजवायची गरज नव्हती. 1996 ला साक्री तालुक्यातून अंबडच्या कंपनीत लागलो. खोली बघायला गेलो की माझं ‘ऱ्हायना’ ऐकून मालकीणबाई विचारायच्या, “खानदेशचे का?” मग ती खोली नेमकी कालच गेलेली असायची. त्यांची ती गावाकडून जपून आणलेली निळी ज्योत पाहून तर मला आमची श्रावणातली कानबाई देवीच आठवली.

प्रश्न असा, की शेवटी त्यांची लेक एंबर काम शिकायला परगावी निघते, बापापुढे गुडघे टेकून वाकते, आणि बापही उलट तिच्यापुढे वाकतो. का? थोरली ढसाढसा रडत होती. विचारलं तर म्हणाली, “पप्पा, तुम्ही मॅगी द्यायला गेलात तेव्हाच सांगितलं ते.” आणि आत गेली. तिला डिझाइन शिकायला पुण्याला जायचंय, हेही सांगून ठेवतो.

गोदाकाठ:
दादा, नेमकं तेच चुकलं तुमचं. बर्नी देश सोडताना स्वतःच्या वडिलांपुढे असाच वाकला होता. म्हाताऱ्यानं उलट नमस्कार केला नाही. गेला तर पोरगा आपलेपण विसरेल, असं त्याला वाटत होतं. ती सल बर्नी जन्मभर उराशी धरून असतो. दिग्दर्शक पीटर सोन यांचे आईवडील कोरियातून न्यूयॉर्कला आले होते, ब्रॉन्क्समध्ये त्यांचं किराणा दुकान होतं. आजीनं मरताना “कोरियनच मुलगी कर” म्हटल्याचं त्यांनीच मुलाखतीत सांगितलंय. सिनेमातली आजीही तेच बजावते, फक्त आगीच्या भाषेत.

सातपूर_कॉलनी:
मला एंबरच्या मित्राच्या, पाण्याच्या वेड नावाच्या पोराच्या, घरचं जेवण मनाला लागलं. तिथला काका एंबरला म्हणतो, किती स्वच्छ बोलतेस गं! अहो, ती त्याच शहरात वाढलीय. माझे वडील बिहारातल्या छपऱ्याचे, माझा जन्म नाशिकचा, शाळा मराठी. तरी दर लग्नात कुणीतरी पाठीवर थाप मारतंच, “मराठी छान जमतं हो तुम्हाला!” राग येत नाही. पण घास अडकतो.

चष्मेबद्दूर_नाशिक:
सिनेमा गोड आहे, पण एक खटकतं. आगीनं खरोखरच झाडं जळतात. म्हणजे शहराच्या भीतीला सिनेमानंच पुरावा दिला. साक्रीच्या माणसानं सिडकोत काय जाळलं? शिवाय पाईप फुटून दुकानात पाणी येतं, आणि त्या पाण्याबरोबर आलेला महापालिकेचा तपासनीस रडत रडत मदत करतो! आमच्या वॉर्डात पाठवा एक.

पवननगर_किराणा:
गोदाकाठ, आभारी आहे. मी निघालो त्या दिवशी आमचे दादा, म्हणजे वडील, फाट्यावर आले नव्हते. कांद्याला पाणी धरत होते. बांधावरून हाक मारली, तर त्यांनी मान वर केली नाही. इतकी वर्षं मी समजत होतो, मोटारीच्या आवाजात ऐकू गेलं नसेल.

तो मधला तुकडा साधारण कितव्या मिनिटाला आहे, तेवढं सांगा. उद्या दुपारी लावतो, दोन ते चार गिऱ्हाईक नसतं.