माकड खाणं गालात का कोंबतं?

काल कान्हेरीला गेलेलो, पायऱ्यांवर एका माकडाने पोराच्या हातातला वेफर्सचा पुडा ओढला आणि गिळायचं सोडून सगळं गालात कोंबलं, गाल टम्म! असं का? मी बघत राहिलो तर अंगावरच आलं राव.

> गालात पिशव्या असतात त्यांना. दुसरं माकड हिसकावेल म्हणून आधी भरायचं, मग झाडावर बसून हाताने गाल दाबत एकेक घास तोंडात आणायचा. काळतोंड्या वानराला पिशव्या नसतात, तो पालाखाऊ, त्याचं पोटच कप्प्याकप्प्यांचं.

> डोळ्यात डोळे घालणं म्हणजे त्यांच्यात धमकी. नजर खाली, आणि सटकायचं. दात विचकले तर हसतंय समजून सेल्फी नको, बऱ्याचदा घाबरलेलं असतं.

> म्हणजे भांडण मीच काढलं होय! बायको तेच म्हणत होती.