८ इंची दुर्बीण, एचडी १८९७३३ बी: अधिक्रमणाचा आलेख तिरका येतोय

रातकिडा:
८ इंची दुर्बीण, जर्मन माउंट, मोनो सीमॉस कॅमेरा. एचडी १८९७३३ बी या परताऱ्याभोवतीच्या ग्रहाचं अधिक्रमण, म्हणजे ताऱ्यासमोरून जाणं, टिपतोय. तारा ७.७ प्रतीचा (तेजाचं माप), ग्रह समोरून जाताना प्रकाश २.४ टक्के घटतो, म्हणजे घट पकडता यायला हवी. पण आलेख सुरुवातीपासूनच उतरता येतो आणि मध्येच एक पायरी पडते. फोकस अचूक, एक्स्पोजर २ सेकंद, फिल्टर नाही. काय चुकतंय? आणि गुरूएवढा ग्रह ताऱ्यापासून ०.०३ खगोलीय एककावर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) तयार तरी कसा होतो?

फोटोमीटर:
फोकस अचूक आहे हीच अडचण. सगळा प्रकाश मोजक्या पिक्सेलवर पडतो आणि ट्रॅकिंग जरा सरकलं की पिक्सेलच्या संवेदनशीलतेतला फरक आलेखात उतरतो. शिवाय २ सेकंदांत हवेतली लुकलुक सरासरीत जिरत नाही. फोकस मुद्दाम बिघडवा, ताऱ्याची १५-२० पिक्सेल रुंद चकती होऊ द्या, एक्स्पोजर २०-३० सेकंदांवर न्या. सर्वांत उजळ पिक्सेल कमाल क्षमतेच्या दोन तृतीयांशाखाली राहिला पाहिजे.

उतार रंगामुळे येतो. हा तारा नारिंगी आहे. तो पूर्वेकडून वर चढतो तसा हवेचा थर पातळ होतो आणि निळसर तुलना-तारा (ज्याच्याशी तुलना करून तेज मोजतो तो) त्याच्यापेक्षा जास्त उजळतो, म्हणून आलेख उतरतो. लाल फिल्टर लावा आणि शक्यतो नारिंगीच तुलना-तारे निवडा.

पायरी बहुधा मेरिडियन फ्लिपची: तारा दक्षिणोत्तर मध्यरेषा ओलांडताना जर्मन माउंट दुर्बीण दुसऱ्या बाजूला फिरवतो. प्रतिमा उलटते, तारा सेन्सरच्या दुसऱ्या भागावर जातो. फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो) नीट घेतल्या तर ती कमी होते, पण फ्लिप ऐन अधिक्रमणात येत असेल तर ती रात्र सोडा. अधिक्रमण सुमारे १ तास ५० मिनिटं चालतं. आधी आणि नंतर पाऊण-पाऊण तास मोकळं निरीक्षण हवंच, नाहीतर मूळ पातळी कशावरून ठरवणार?

चकती:
तिथे तो जन्मलेला नसावा. ग्रह नव्या ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीत बनतात; ताऱ्याच्या इतक्या जवळ त्या चकतीतल्या धुळीचीही वाफ होते, घन गाभा बनायला माल उरत नाही. हिमरेषेपलीकडे (जिथून पुढे पाण्याचा बर्फ टिकतो ते अंतर; सूर्याभोवती ती सुमारे २.७ खगोलीय एककांवर असावी) बर्फाची भर पडते, पृथ्वीच्या साधारण १० पट वस्तुमानाचा गाभा जमतो आणि मग तो वायू झपाट्याने ओढतो. हे सगळं चकतीतला वायू काही दशलक्ष वर्षांत विरून जाण्याआधी व्हावं लागतं. जड मूलद्रव्यं, म्हणजे गाभ्याचा माल, जास्त असलेल्या ताऱ्यांभोवती महाकाय ग्रह जास्त सापडतात, म्हणून मला हाच मार्ग पटतो.

मग तो आत आला कसा? एकतर चकतीतून हळूहळू सरकत, नाहीतर दुसऱ्या ग्रहाच्या किंवा जोडताऱ्याच्या ओढीने अतिलंबवर्तुळाकार कक्षेत जाऊन. ती कक्षा पुढे भरती-ओहोटीच्या बलाने गोल होत जाते. एचडी १८९७३३ बीची कक्षा ताऱ्याच्या विषुववृत्ताशी जवळपास समांतर आहे. हा चकतीतून सरकल्याचा पुरावा वाटतो, पण अशा थंड ताऱ्यांच्या बाबतीत तेच बल तिरकी कक्षाही सरळ करू शकतं. त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नये.

वर्णपट:
आलेखातून फक्त त्रिज्या मिळते: ०.०२४ चं वर्गमूळ ०.१५५, म्हणजे ताऱ्याच्या त्रिज्येचा तेवढा भाग. वस्तुमान ताऱ्याच्या डोलण्यावरून कळतं. इथे त्या डोलण्याचा वेग सेकंदाला सुमारे २०० मीटर आहे. गुरूमुळे सूर्य सेकंदाला जेमतेम १२.५ मीटर वेगाने डोलतो. हा तारा डागाळलेला आहे, त्यामुळे ग्रह डागावरून गेला की आलेखाच्या तळाशी छोटा उंचवटा दिसतो. तो बिघाड समजून पुसू नका.