डिओरिसिमोच्या खोक्यावर रुदनित्स्काचं नाव का नाही?

निशिगंध

काल डिओरिसिमो या डिओरच्या परफ्यूमचं खोकं टाकून देताना मागची बारीक अक्षरं वाचली. हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल, लिनालूल, सिट्रोनेलॉल... अॅलर्जी होऊ शकेल असे ठरावीक घटक युरोपात २००५ पासून खोक्यावर छापावेच लागतात. म्हणजे रसायनांची नावं आहेत. ती रसायनं जुळवून ज्याने फूल उभं केलं, त्या एदमों रुदनित्स्काचं नाव कुठेच नाही. मला हे फार खुपतं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: हा परफ्यूम १९५६ चा. वास लिली ऑफ द व्हॅलीचा, फ्रेंचमध्ये म्युगे. वाकलेल्या बारीक दांडीवर ओळीने लोंबणाऱ्या मण्याएवढ्या पांढऱ्या घंटा. गुलाबाचा, जाईचा अर्क निघतो, याचा कामाचा असा निघत नाही. ऊर्ध्वपातन करा नाहीतर द्रावकात भिजवा, जे हाती येतं त्यात ते फूल नसतं. परफ्यूमर अशा फुलांना मुकी फुलं म्हणतात. रुदनित्स्काने फ्रान्समधल्या ग्रासजवळच्या काब्रीला स्वतःच्या बागेत म्युगे लावलं, ते फुललं की हुंगून हुंगून अभ्यासलं आणि मग प्रयोगशाळेत रचलं. कागदी पट्टीवर एक थेंब टाकून बघा. आधी हिरवट गारवा, मग फूल, आणि त्याच्या मागे पानांखालच्या ओल्या मातीसारखं काहीतरी. मुक्या फुलाला त्याने बोलतं केलं.

फॅशन हाउसचं नाव मोठं असू दे. पण परफ्यूमरचं नाव हवंच.

करडी_शाई

असहमत. म्युगेचा ध्यास फॅशन डिझायनर क्रिस्तियाँ डिओरचा होता. तो हे फूल शुभ मानायचा, शोच्या आधी कपड्यांच्या दुमडीत त्याची डहाळी शिवून ठेवायचा. १९५४ च्या वसंतातल्या कलेक्शनला त्याने म्युगेचंच नाव दिलं होतं. परफ्यूम आला दोन वर्षांनी.

शनेल नंबर ५ चंही तेच. परफ्यूमर एर्नेस्ट बोने १ ते ५ आणि २० ते २४ अशा क्रमांकांचे नमुने समोर ठेवले, कोको शनेलने पाचवा उचलला. १९२१ मध्ये तो बाजारात आला आणि आज शंभर वर्षांनंतरही आहे. कुठला नमुना आपला, हे ओळखणं ही सुद्धा निर्मितीच आहे. शिवाय गाऊनवर शिवणाऱ्या हातांचं नाव असतं का? मग बाटलीपुरताच वेगळा नियम का?

निशिगंध

शिवणाऱ्या हातांचं नाव नसतं, ते मलाही चुकीचं वाटतं. पण गाऊनचा आराखडा डिओर स्वतः काढायचा. परफ्यूमचा आराखडा, म्हणजे सूत्र, तो लिहीत नव्हता. इथे रुदनित्स्का शिवणारा नाही, रेखाटणारा आहे.

आणि शनेलने बाजूला ठेवलेला २२ नंबरसुद्धा पुढे बाजारात आलाच. म्हणजे तो नमुनाही कच्चा नव्हता. निवडणारीचं श्रेय मी नाकारत नाही, पण दहा पर्याय समोर यायला दहा वेळा कोणीतरी रचना करावी लागते.

रसायनवाला

दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटते आहे. मी सुगंधी कच्च्या मालाच्या चाचणीत काम करतो म्हणून सांगतो. हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल किती वापरायचं यावर आता इफ्राची, म्हणजे सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, मर्यादा आहे. लिलिआल तर म्युगेच्या वासासाठी वर्षानुवर्षं हुकमी समजलं जायचं. प्रजननक्षमतेला घातक ठरल्यामुळे मार्च २०२२ पासून युरोपात सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी आहे. कितीतरी परफ्यूम नव्याने जुळवावे लागले. एक पदार्थ काढला की बाकीच्यांचा तोल जातो, मग सगळंच थोडं थोडं हलवावं लागतं.

म्हणजे आज दुकानात असलेली बाटली तंतोतंत १९५६ ची नाही. रुदनित्स्का १९९६ मध्ये गेले. त्यांनी कधी हुंगलंच नाही अशा मिश्रणावर त्यांचं नाव छापणं, हा त्यांचा मान म्हणायचा का? मला नाही वाटत. फॅशन हाउसचं नाव टिकतं, बदलांची जबाबदारीही तेच घेतं. त्यामुळे माझं मत करडी_शाई यांच्या बाजूने.

पाऊलवाट

निशिगंधला पाठिंबा. अडचण नुसती छपाईची नाही. जून २००६ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सुगंध रचणं हा निव्वळ कसबाचा वापर आहे, त्याला कॉपीराइट नाही. त्याच महिन्यात नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने लाँकोम कंपनीच्या त्रेझोर या परफ्यूमबाबत उलटा निकाल दिला: सुगंधालाही कॉपीराइटचं संरक्षण मिळू शकतं. त्या खटल्यातही हक्क मागत होती कंपनीच. त्रेझोर रचणाऱ्या सोफिया ग्रोजमन यांचं नाव वाचकाला शोधून काढावं लागतं. कायद्याने हक्क नाही, निदान नाव तरी द्या.

हे अशक्यही नाही. फ्रेदेरिक माल यांनी २००० मध्ये आपलं परफ्यूमचं घर काढलं, तेव्हापासून त्यांच्या बाटल्यांवर परफ्यूमरचं नाव असतं. त्यांचे आजोबा सर्ज हेफ्टलर-लुईश हे डिओरच्या परफ्यूम कंपनीचे संस्थापक. त्याच घरातून ही वाट निघाली, याचा मला विशेष आनंद आहे.

करडी_शाई

माल यांचं उदाहरण मान्य. पण तिथे माल यांचंही नाव आहे, कारण त्यांनी प्रकाशकाची भूमिका घेतली. म्हणजे निवडणाऱ्याची किंमत त्यांनाही कळते. आत चिठ्ठीवर परफ्यूमरचं नाव द्यायला माझी हरकत नाही. खोक्यावर मात्र नको, रसायनवाला यांचा मुद्दा मला पटला आहे.

निशिगंध

मलाही तो मुद्दा लागला. रात्री जुन्या बाटलीच्या तळाशी राहिलेले दोन थेंब एका पट्टीवर आणि नव्या बाटलीतला एक दुसऱ्या पट्टीवर घेऊन बसले. पहिली दहा मिनिटं जवळजवळ सारखं. नंतर जुन्यात जाई जास्त गडद होत गेली, नवं स्वच्छ राहिलं. जुनी बाटली इतकी वर्षं उघडी होती, तेव्हा सगळा फरक सूत्रामुळेच आहे असं म्हणणार नाही. पण फूल दोन्हींत तेच आहे. म्हणून माझी मागणी बदलते: 'मूळ रचना: एदमों रुदनित्स्का, १९५६'. वर्षासकट.

रसायनवाला

वर्ष घातलं तर माझा विरोध राहत नाही. मग खाली दुसरी ओळही हवी: नंतरची जुळणी कोणी केली, कधी केली. लिलिआल काढून घेतल्यावर तेच फूल उभं ठेवणं सोपं नसतं. ती माणसं तर रुदनित्स्कापेक्षाही निनावी आहेत.