कॉलेज करता करता लष्करी अधिकारी : कोल्हापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

फौजी नाही असं गाव आपल्या जिल्ह्यात शोधावं लागेल. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं तर नावच सैनिक टाकळी. भरतीसाठी किती पळायचं, काय खायचं हे कुठल्याही पारावर कळतं. पण अधिकारी कसं व्हायचं, हे विचारलं की माणसं गप्प होतात. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात आपल्या कोल्हापूरचे, तरीही ही गत. म्हणून ज्यांनी कॉलेजात असताना ही वाट धरली, त्यांनी सविस्तर लिहावं.

*

वडील हवालदार म्हणून रिटायर झाले. त्यांच्या मते साहेब व्हायचं तर एनडीए, म्हणजे बारावीवर जायची लष्करी प्रबोधिनी, आणि ती बारावीबरोबर संपली. बी.ए.ला आल्यावर एनसीसीत गेलो, तेव्हा तिथल्या सिनियरनी सांगितलं की एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट किमान ‘बी’ ग्रेडनं मिळालं आणि पदवीला ५० टक्के असले, तर एनसीसी स्पेशल एंट्रीला, म्हणजे कॅडेटांच्या वेगळ्या अधिकारी भरतीला, लेखी परीक्षाच नाही. अर्जांची छाननी होते आणि निवडलेल्यांना थेट एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडायच्या मुलाखतीचं, बोलावणं येतं. वय १९ ते २५. शेवटच्या वर्षात असतानाही अर्ज चालतो. हे घरी सांगितलं तर वडिलांचा विश्वास बसेना. फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. आता चेन्नईच्या ओटीएला, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीला, जायचंय, ४९ आठवड्यांचं ट्रेनिंग. वडील रोज संध्याकाळी माझ्याकडून बूट पॉलिश करून घेतात आणि स्वतः तपासतात.

*

मी एनसीसीच्या मुलींच्या बटालियनची कॅडेट. रविवारची परेड, दहा दिवसांचा कॅम्प, पॉइंट टू टू रायफलचं फायरिंग, सगळं मनापासून केलं. पहाटे विद्यापीठाच्या आवारात पळायला जायचे, तर शेजारणी आईला विचारायच्या, पोरगी पोलिसात जाणार काय? आई म्हणायची, लेफ्टनंट होणार. १९९२ पासून बायकांनाही ओटीएत अधिकारी व्हायला घेतात, हे तिनंच नंतर गल्लीत सगळ्यांना समजावलं. माझं ‘सी’चं वर्ष चालू आहे.

*

एसएसबीबद्दल लिहितो, कारण इथं त्याचीच भीती जास्त. पाच दिवस असतात. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग. एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात बसून चर्चा. निम्म्याहून जास्त पोरं त्याच संध्याकाळी परत स्टेशनवर असतात. पुढं मानसशास्त्राच्या चाचण्या. साठ शब्द येतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद. विचार करून छान काही लिहावं म्हटलं तर पुढचा शब्द आलेला असतो. मग मैदानावर जीटीओची, म्हणजे गटाची परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्याची, कामं, फळ्या-दोऱ्या घेऊन अडथळे पार करायचे. त्यात आपली खेड्यातली पोरं कुठंच कमी पडत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं. अडतात ती बोलताना. माझ्या गटातल्या एकाला फळी कुठं टाकायची ते सगळ्यांआधी दिसलं होतं, पण इंग्रजी चुकेल म्हणून त्यानं तोंडच उघडलं नाही. मी शेवटच्या दिवसाच्या कॉन्फरन्सपर्यंत पोचलो, निवड झाली नाही. आता सीडीएसची, म्हणजे पदवीवरच्या अधिकारी भरतीच्या लेखी परीक्षेची, तयारी करतोय. गणिताला घाबरणाऱ्यांसाठी सांगतो, ओटीएसाठी सीडीएसला गणिताचा पेपर नसतो, फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान. आम्ही काही मित्र रोज रंकाळ्यावर चालताना तासभर इंग्रजीतच बोलतो. लोक वळून बघतात, बघू देत.

*

मी माजी सैनिक, गाव कागलजवळ. पोरांनो, क्लासला हजारो रुपये भरण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, एसएसबीची तयारी करून घेतात. राहणं, जेवण, शिकवणं मोफत. सीडीएसची लेखी पास असाल किंवा एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट ‘ए’ नाहीतर ‘बी’ ग्रेडचं असेल, तर मुलाखतीला बोलावतात. सगळी मूळ कागदपत्रं बरोबर न्या. माझा पुतण्या तिथं राहून आलाय, कुणाला काही विचारायचं असेल तर खाली लिहा, त्याला उत्तर द्यायला लावतो.