ब्लेंडर या 3D सॉफ्टवेअरमध्ये काचेची बरणी प्लास्टिकची दिसतेय, रिफ्लेक्शन खरं कसं आणायचं?

खारीबटर:
नमस्कार मंडळी, आजोबांच्या जुन्या बेकरीचा सीन करतोय, काउंटरवर बरण्यांच्या चार रांगा एकामागे एक, आत नानकटाई, खारी, टोस्ट. लाकूड, फरशी सगळं मस्त जमलंय पण बरण्या काही केल्या काचेच्या वाटत नाहीत. ट्रान्सपरंट (आरपार) आणि ग्लॉसी (चकचकीत) शेडर, म्हणजे पृष्ठभाग कसा दिसावा ते ठरवणारी सेटिंग, मिक्स केलंय, ग्लॉसीचा फॅक्टर (वाटा) 0.3, चमक येते पण सगळीकडे सारखीच, वरून पॉलिथिन ताणून बसवल्यासारखी. मग ग्लास शेडर लावून बघितला तर मागच्या बरण्या काळ्याकुट्ट आणि खाली सावली अशी पडली की बरणी नाही दगड ठेवलाय. सायकल्सवर (उजेडाच्या किरणांचा माग काढून चित्र बनवणारं ब्लेंडरचं इंजिन) रेंडर करतोय. आजीला दिवाळीच्या आत प्रिंट काढून द्यायचीय, आठ दिवस इथेच अडकलोय, कुणीतरी सांगा प्लीज.

किरणपाठ:
आधी तो 0.3 काढून टाक, खरी गडबड तिथेच आहे. काच समोरून बघितली की एका पृष्ठभागावरून जेमतेम 4% उजेड परत येतो, 60 अंश तिरकं बघितलं तर साधारण 9% आणि 80 अंशाला 39%च्या आसपास. म्हणजे बरणीच्या मधल्या भागात आतली नानकटाई स्वच्छ दिसायला हवी आणि कडेकडेला रिफ्लेक्शन एकदम चढायला हवं. तू सगळीकडे 30% दिलंस म्हणून पॉलिथिन झालं. ग्लास बीएसडीएफमध्ये (तोच ग्लास शेडर) हा फ्रेनेलचा, म्हणजे कोनानुसार रिफ्लेक्शन बदलण्याचा, हिशोब आधीच असतो, आयओआर (वक्रीभवनांक) 1.5 ठेव आणि वरून परत ग्लॉसी मिसळू नकोस.

दुसरं म्हणजे जाडी. घरातला एखादा काचेचा ग्लास घे आणि ट्यूबलाइटखाली धरून नीट बघ. ट्यूबची एक रेघ नाही दिसणार, तिला लागून दुसरी दिसेल, एक बाहेरच्या पृष्ठभागावरची आणि एक आतल्या, आणि ग्लास जाड असेल तर दोघींत जास्त अंतर. या जोडरेघेमुळेच डोळ्याला कळतं की ही काच आहे. तुझी बरणी नुसता एक पत्रा असेल तर सायकल्स तिला आतून भरीव काच समजतो, मग सगळंच बिघडतं. सॉलिडिफाय (पत्र्याला जाडी देणारा मॉडिफायर) लाव, 3 मिमी दे, त्याआधी स्केल अप्लाय कर, आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा दाखवणाऱ्या रेषा) बाहेर तोंड करून आहेत ना तेवढं बघ.

नोडवाली:
काळ्या बरण्यांचं मी सांगते, याच्यात मीही खूप वेळ घालवलाय. मोजून बघ, एका बरणीतून आरपार जायला किरणाला चार पृष्ठभाग ओलांडावे लागतात, पुढच्या भिंतीचे दोन आणि मागच्या भिंतीचे दोन. तीन रांगांतून गेला की झाले बारा, आणि सायकल्समध्ये ट्रान्समिशन बाउन्स (किरण आरपार वस्तूंचे किती पृष्ठभाग ओलांडू शकतो ती मर्यादा) डिफॉल्टला 12च असतात. चौथ्या रांगेपर्यंत पोचायच्या आतच किरण संपतो आणि तिथे काळं येतं. रेंडर सेटिंगमधल्या लाइट पाथ्समध्ये ट्रान्समिशन 32 कर आणि वरचा टोटलही 32 कर, तो 12 राहिला तर काही उपयोग होत नाही.

सावलीसाठी दोन रस्ते आहेत. सोपा म्हणजे लाइट पाथ नोडचं इज शॅडो रे (किरण सावलीचा आहे का ते सांगणारं) फॅक्टरला जोडून ग्लास आणि ट्रान्सपरंट मिक्स करायचं, सावली लगेच हलकी होते. दुसरा म्हणजे शॅडो कॉस्टिक्स (काचेतून वाकून सावलीत पडणारा उजेड), ब्लेंडर 3.2 पासून आलंय, लाइटला आणि ऑब्जेक्टला दोन्हीकडे टिक करावं लागतं. त्याने काउंटरवर ती उजेडाची वळवळ खरी उतरते, पण चार वक्रीभवनांपर्यंतच चालतं, म्हणजे एक रिकामी बरणी कशीबशी. तुझ्या चार रांगांना पहिलाच रस्ता घे.

उजेडमापे:
वरचं सगळं बरोबर पण एक राहिलं, बरणीच्या आजूबाजूला काय ठेवलंय तेही सांगा की. सीन रिकामा आणि वर्ल्ड (सीनभोवतीची पार्श्वभूमी) करडा असेल तर काच दाखवणार काय? मी प्रॉडक्ट फोटोग्राफी करतो, काच शूट करताना मागे उजळ पडदा ठेवतो आणि फ्रेमच्या बाहेर दोन्ही बाजूंना काळे कार्डबोर्ड उभे करतो, मग कडेला काळी रेघ येते आणि आकार उठून दिसतो. तुझ्याकडे बेकरी आहे तर कॅमेऱ्याच्या मागे दुकानाचं दार आणि बाहेरचा रस्ता मॉडेल कर, साधे डबे चालतील. दाराचा उभा उजेड प्रत्येक बरणीवर वाकून उतरला पाहिजे, त्याच्याशिवाय दुकान वाटणारच नाही.

आणि हिरवट झाक हवी असेल तर शेडरच्या रंगात देऊ नकोस, तिथे ती पातळ-जाड सगळीकडे सारखीच लागते. व्हॉल्यूम अ‍ॅब्सॉर्प्शन (काचेच्या आत उजेड शोषणारा शेडर) लाव, म्हणजे बुडाशी जिथे काच जाड आहे तिथेच हिरवं दाटेल, लोहामुळे जुन्या काचेत दिसतं तसं.

खारीबटर:
मंडळी, मनापासून आभार. जाडी दिली, बाउन्स 32 केले, मागच्या रांगेतली नानकटाई पहिल्यांदा दिसली. दारही उभं केलंय, उंबऱ्यात आजोबांचं स्टूल ठेवलं तर सगळ्या बरण्यांवर इवलंसं स्टूल उतरलं, ते बघून आजी किती वेळ काही बोललीच नाही. आता फक्त पत्र्याच्या झाकणाखाली नॉईज (दाणे) येतोय, सँपल (दर पिक्सेलमागे किरण) 1024 आहेत, डिनॉइजर (दाणे पुसणारं) लावला की जोडरेघ पुसली जातेय, ते कसं वाचवू?

नोडवाली:
इनडायरेक्ट क्लॅम्प (परावर्तित उजेडाची कमाल मर्यादा) 10 वरून 3 करून बघ, आणि डिनॉइजरला अल्बेडो (मूळ रंग) आणि नॉर्मल पास दिलायस का ते आधी तपास.