आयटीत पगार ठरवताना डिग्री मोजतात का? आपापले अनुभव लिहा

विश्रामबागकर
भाचीला बी.सी.एस.ला घालायचं का इंजिनीअरिंगला, यावरनं काल घरात जुंपली. मेव्हणे म्हणाले, "आयटीत डिग्री कोण विचारतंय?" आणि माझं पहिलं ऑफर लेटर आठवलं. मी सांगलीचा साधा बी.एस्सी., शेजारच्या खुर्चीत वालचंद कॉलेजचा इंजिनीअर. प्रोजेक्ट एकच, शिव्या एकाच मॅनेजरच्या, पगार त्याचा जवळजवळ दीडपट. एचआर म्हणाली, तुमची ग्रेड वेगळी आहे. मी काय साखर आहे, एस-३० म्हणायला? दोन कंपन्या बदलल्यावर फरक मिटला, कारण पुढच्यांनी फक्त चालू पगार विचारला. तुमचं काय?

मिरज_जंक्शन
डिप्लोमा. सपोर्टला नाइट शिफ्ट, पगार सांगण्यासारखा नव्हता. क्लाउड शिकलो, मग उडी बसली. आता कोण विचारत नाही. पोर्टलवर पदवीचा रकाना रिकामा ठेवला की फॉर्म पुढं सरकत नाही, तेवढं आहेच.

सातारची_सून
मी इंजिनीअर असून कॅम्पसला बसू दिलं नाही!! दहावी, बारावी, डिग्री तिन्हीकडं ६० टक्के पाहिजेत, मला बारावीला ५८. डिग्रीच्या आधी टक्के बघतात हो. कुकरची शिट्टी झाली, आले.

मिरज_जंक्शन
ताई, ५८ म्हणजे आमच्या वर्गात पेढे वाटले असते 😄

कोयनाकाठ
बीसीए, कराड. विप्रोच्या विल्पमधून, म्हणजे नोकरी करत शिकायच्या त्यांच्या योजनेतून लागले. नोकरी करत एम.टेक., फी कंपनीची. सुरुवातीला पगार नाही, स्टायपेंड, आणि मध्येच सोडता येत नाही. घरची परिस्थिती बेताची असेल तर वाईट नाही.

ऱ्हाईनकाठचा_सांगलीकर
पगारापेक्षा व्हिसाला डिग्री जास्त लागते. अमेरिकेच्या एच-१बीला पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव हवा. कामाची तीन वर्षं म्हणजे कॉलेजचं एक वर्ष असा हिशेब धरतात. त्यामुळं आपली तीन वर्षांची बी.एस्सी. बऱ्याचदा तोकडी पडते, वर अनुभव जोडावा लागतो. जर्मनीत नोव्हेंबर २०२३ पासून आयटीवाल्यांना डिग्रीशिवायही ब्लू कार्ड (तिथं राहून काम करायचा परवाना) मिळतं, गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा योग्य अनुभव असला तर. पगाराची किमान अट मात्र आहे. इथल्या टीममधला एक भारी माणूस बारावीसुद्धा नाही, पण तो लहानपणापासून कोड लिहितोय, त्याचं उदाहरण पोरांना देऊ नका.

कोयनाकाठ
दादा, तिकडं भडंग मिळतंय का?

ऱ्हाईनकाठचा_सांगलीकर
येताना बॅगभर आणतो. कपडे इथं मिळतात.

विश्रामबागकर
ताजी खबर: भाचीला फिजिओथेरपी करायचीय. मेव्हणे गप्प. धागा चालू ठेवा.

नाव_नको
मुक्त विद्यापीठाची डिग्री चालते का? घरी लहान बाळ, कॉलेजला जाणं शक्य नाही.

सातारची_सून
चालते गं. कोर्सला यूजीसीची मान्यता आहे का तेवढं बघ. माझ्या जावेनं नाशिकच्या यशवंतराव चव्हाण विद्यापीठातून केली, टेस्टिंगला आहे, बॅकग्राउंड चेकमध्ये अडलं नाही. मार्कलिस्टा जपून ठेव फक्त. सुरुवातीचा पगार कमीच देतील, पण दोन वर्षांनी बदलायचं, तिथंच बसून राहायचं नाही.

मिरज_जंक्शन
भडंग जयसिंगपूरचं. सांगलीकरांनी वाद घालू नये.

विश्रामबागकर
वेगळा धागा काढा, आलोच तिथं.