डोक्याला टॉर्च बांधा म्हणणाऱ्यांनी आधी फुटपाथवरून चालून दाखवावं

पायवाट

‘दिवे निम्मे करा, मीठ बंद करा’ या धाग्यावर प्रतिसाद लिहायला घेतला आणि तो मारुतीच्या शेपटीसारखा वाढत गेला, म्हणून वेगळा धागा काढतेय.

तो न वाचलेल्यांसाठी: आकाशवेडा यांचं म्हणणं असं की रात्री अकरानंतर रस्त्यावरचा एकाआड एक दिवा बंद ठेवा, मिठाने ओढे-विहिरी नासतात म्हणून बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणं थांबवा, आणि ज्यांना अंधाराची भीती वाटते त्यांनी ‘डोक्याला टॉर्च बांधून फिरावं’. इथपर्यंत मी शांत होते. पुढे ‘चार पावलं जपून टाकली तर कुणी मरत नाही’ हे वाचलं आणि डोकं सटकलं.

महाशय, तुम्ही गाडीतून फिरता हे वाक्यावाक्यातून कळतं. रस्ता साफ झाला की बर्फ जातो कुठे? फुटपाथवर. दुपारी तो जरा वितळतो, पाणी उताराने पसरतं, संध्याकाळ व्हायच्या आत अंधार पडतो, पारा शून्याखाली जातो आणि त्या पाण्याची काच होते. वरून बघाल तर नुसतं ओलं डांबर. उजेड असला तर निदान चकाकी दिसते आणि पाऊल आखडतं. अंधारात पडल्यावरच कळतं. आमच्या कोपऱ्यावर एका इमारतीच्या पन्हळीचं पाणी थेट फुटपाथवर सोडलंय आणि नेमका तिथलाच दिवा बंद. खांबाचा क्रमांक देऊन तक्रार केली. ‘निकाली काढली’ असा निरोप आला. दिवा आहे तसाच.

दिवे आणि बर्फ हे दोन विषय नाहीतच. जिथे अंधार तिथेच घसरगुंडी, आणि दोन्हीचा हिशेब मांडला जातो तो गाड्यांच्या सोयीने. स्टॉकहोमने २०१५ मध्ये हा क्रम बदलायचं ठरवलं: आधी फुटपाथ, सायकलमार्ग, बसथांबे, पाळणाघरांकडे जाणारे रस्ते. कारण साधं आहे. चार इंच बर्फातून गाडी जाते, बाबागाडी जात नाही.

रात्रपाळी

+१. मी रुग्णालयात रात्रपाळी करते. थंडीची पहिली लाट आली की मनगटं यायला लागतात. माणूस पडताना हात पुढे टाकतो आणि मनगट मोडतं, म्हाताऱ्यांचा खुबा. ‘जपूनच चालत होते हो’ हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असतं. जपून चालल्याने घर्षण वाढत नाही.

आकाशवेडा

माझ्या नावाने धागाच निघाला, धन्य झालो.

आता जरा भावना बाजूला ठेवू. इंग्लंड-वेल्समधल्या ६२ स्थानिक परिषदांच्या आकड्यांवर २०१५ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवे पूर्ण बंद, मध्यरात्रीनंतर बंद, मंद, पिवळ्याऐवजी पांढरे असे सगळे प्रकार तपासले. अपघात किंवा गुन्हे वाढल्याचा पुरावा सापडला नाही. शिवाय बर्फ पडला की जमीनच उजेड परतवते, म्हणजे हिवाळ्यात दिवे मंद करणं उलट सोपं. आणि आपल्याकडे बसवलेत ते निळसर पांढरे एलईडी! अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही २०१६ मध्ये सांगितलं की रस्त्यावरचे दिवे ३००० केल्व्हिनच्या वर नकोत (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) आणि उजेड वर-बाजूला सांडू नये म्हणून त्यांना नीट झाकण हवं. माझ्या खिडकीतून रात्रभर दिवस दिसतो. पक्षी, कीटक, माणसाची झोप, सगळ्याची वाट लागते. पण इथे ‘उजेड’ म्हटलं की सगळे हात जोडून उभे.

पायवाट

तो अभ्यास मलाही ठाऊक आहे. त्यात अपघात म्हणजे पोलिसांच्या नोंदीतले रस्ते-अपघात. मी फुटपाथवर एकटी घसरून पडले तर ती नोंद कुठल्या पोलिस ठाण्यात होते? गाडी नाही म्हणजे अपघात नाही. रात्रपाळी सांगतेय ती मनगटं तुमच्या आकड्यांत येतच नाहीत. मोजलंच नाही आणि म्हणे सापडलं नाही!

आणि बर्फ उजेड परतवतो तो पांढरा असेपर्यंत. रस्त्याकडेचा बर्फ लवकरच राखाडी चिखल होतो. तो काय परतवणार, तुमचं बोलणं?

गणिती

पायवाटताईंचा मुद्दा बिनतोड आहे हे नाइलाजाने मान्य. पण स्टॉकहोमची गोष्ट अर्धीच सांगितली. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथे एका दिवसात सुमारे ३९ सेंमी बर्फ पडला, शंभरेक वर्षांत नोव्हेंबरात तेवढा पडला नव्हता. शहर ठप्प झालं आणि लोकांनी खापर फोडलं ते याच ‘आधी फुटपाथ’ धोरणावर. रुग्णवाहिका फुटपाथवरून जात नाही. मुख्य रस्ता बंद पडला तर सगळंच बंद.

पायवाट

३९ सेंमी पडल्यावर कुठलाही क्रम लावा, तेच होणार. त्या एका दिवसावरून बाकीचा हिवाळा ठरवायचा?

खोरेबहाद्दर

दिवे, स्टॉकहोम, केल्व्हिन वगैरे ठीक आहे. मूळ दुखण्यावर कुणी बोलणार की नाही? प्लाऊवाले, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ पात्याने कडेला ढकलणाऱ्या गाड्यांचे चालक!

पहाटे उठून मी ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतची गाडीची वाट, साफ करतो. कडेपर्यंत, अगदी डांबर दिसेपर्यंत. चहा संपायच्या आत प्लाऊ येतो आणि तोंडाशी गुडघाभर बांध घालून जातो. आणि तो भुसभुशीत बर्फ नसतो हो, रस्त्यावरचं सगळं मीठ, वाळू, चिखल आणि बर्फाची ढेकळं. तासाभरात दगड. खोऱ्याची कड वाकली माझ्या. तक्रार केली तर उत्तर येतं, ‘बांध काढणं ही घरमालकाची जबाबदारी’. घालायचा तुम्ही, काढायचा आम्ही!

रात्रपाळी

हे अवांतर नाही, महत्त्वाचं आहे. तो ओला बर्फ प्रचंड जड असतो. सकाळच्या थंडीत, श्वास रोखून, एका दमात उपसायला गेलेले पन्नाशी-साठीचे पुरुष छातीत दुखतंय म्हणून येतात. थोडाथोडा उपसा, उचलण्यापेक्षा ढकला. आणि कुणी कौतुक करत नसतं, दम खा.

प्लाऊवरचा

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज खातं उघडलं. मी प्लाऊ चालवतो.

खोरेबहाद्दर, पातं तिरपं असतं. बर्फ एकाच बाजूला सरकत जातो, रस्त्याच्या कडेला. तुमच्या दारासमोर आल्यावर मी पातं उचललं तर तो सगळा ढीग रस्त्याच्या मध्यावर पडेल, मग तुम्हीच फोन कराल. मागे गाड्यांची रांग, पुढे आडव्यातिडव्या उभ्या केलेल्या गाड्या, आणि हद्द अजून अर्धी बाकी. मुद्दाम कुणी बांध घालत नाही.

एक युक्ती सांगतो. प्लाऊ ज्या बाजूने येतो, त्या बाजूला ड्राइव्हवेच्या अलीकडे रस्त्याकडेचा गाडीभर लांबीचा पट्टा आधी मोकळा करा. पात्यावरचा बर्फ त्या खड्ड्यात पडतो आणि तुमच्या तोंडाशी थोडाच येतो. आणि स्वतःचा बर्फ रस्त्यात फेकू नका. तुम्ही फेकता, मी परत आणून घालतो, मग तुम्ही मला शिव्या देता.

खोरेबहाद्दर

वा! म्हणजे माझा ड्राइव्हवे तर काढायचाच, वर तुमच्यासाठी खड्डाही खणून ठेवायचा. आणखी काही सेवा? मी रस्त्यात बर्फ फेकत नाही. समोरचा फेकतो. त्याला सांगा.

समोरचा

हा ‘समोरचा’ म्हणजे मी नव्हे, आयडी योगायोगाने तसा आहे. पण या माणसाशी प्लाऊवरचा इतका सभ्यपणे कसा बोलतोय याचं नवल वाटतं. रात्री दोनला उठून कुणीतरी तुमच्यासाठी रस्ता काढतंय. चार खोरी बर्फ उपसला तर काय बिघडलं?

खोरेबहाद्दर

तुम्ही फ्लॅटमध्ये राहता का हो? मला वाटलंच. दारापुढे बांध नसणाऱ्याने बांधावर प्रवचन देऊ नये. आमच्याकडे ऐंशीच्या पुढची एकटी बाई राहते शेजारी. तिने कुठली चार खोरी उपसायची?

समोरचा

मग तिचा बांध काढून द्या. शेजारी ना?

खोरेबहाद्दर

काढतोच. दरवेळी. तुमचा सल्ला यायच्या कितीतरी आधीपासून.

समोरचा

बरं. हे ऐकून बोलती बंद. (फक्त या मुद्द्यापुरती.)

गणिती

काही शहरं बांधासाठी पात्याच्या टोकाला खाली उतरणारं झाकण लावतात, ड्राइव्हवेपुरता बर्फ अडवतं. वेग कमी होतो, खर्च वाढतो. ‘कर कमी करा’ हा धागा गेल्या महिन्यात याच लोकांनी डोक्यावर घेतला होता, एवढी नम्र आठवण.

आकाशवेडा

बांधावर तंटा झाल्याशिवाय आपल्या लोकांना चैन पडत नाही. मिठाबद्दल एक अक्षर नाही! मिठातलं क्लोराइड कुजत नाही, विरत नाही. पाण्याबरोबर ओढ्यात, भूजलात उतरतं आणि तिथेच साठतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी दीर्घकाळची मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम ठेवलीय. चमचाभर मीठ वीस लिटर पाणी त्या रेषेपर्यंत नेतं. आणि तुम्ही पोती ओतता. शिवाय पारा उणे दहाच्या खाली गेला की साधं मीठ जवळजवळ कामच करत नाही, तरी पोती रिकामी होतातच. लोकांना मीठ दिसलं की काम झाल्यासारखं वाटतं.

प्लाऊवरचा

हे मात्र खरं आहे, कबूल. उणे पंधराला मीठ मागणारे फोन येतात. तेव्हा वाळू टाकावी लागते. ती वितळवत नाही, पकड देते. आणि मीठ कमी करायचं असेल तर बर्फ पडायच्या आधी मिठाचं पाणी फवारतात. रस्त्यावर पांढऱ्या रेघा दिसतात ना, त्या त्याच. बर्फ डांबराला चिकटतच नाही, पात्याने सहज सुटतो. त्यात मीठ बरंच कमी लागतं. पण त्या रेघा दिसल्या की लोक लिहितात, ‘बर्फ पडलाच नाही आणि पैसे उधळले’. बंद करा म्हणणं सोपं आहे. पुलावर चला एकदा माझ्याबरोबर. खालूनही गार वारा लागतो, म्हणून बाकी रस्ता नुसता ओला असतो तेव्हा पूल गोठलेला असतो.

आकाशवेडा

ठीक. ‘बंद’ ऐवजी ‘मोजून’. प्लाऊवरच्यांच्या शब्दाखातर, पायवाट यांच्या रागाखातर नव्हे.

रात्रपाळी

आणि टॉर्च?

आकाशवेडा

टॉर्चचं वाक्य उपरोधाने लिहिलं होतं.

पायवाट

उपरोध होता? मूळ धाग्यावर त्याच वाक्याखाली टॉर्चच्या ब्रँडची चर्चा चालली होती आणि तुम्ही त्यात भाग घेत होतात.

आकाशवेडा

चांगला टॉर्च आहे तो. असो. फुटपाथवर, चौकात, बसथांब्यावर दिवे राहू द्या, पण पिवळसर आणि खाली तोंड केलेले. रिकाम्या रस्त्यांवर मंद. खांबाचा क्रमांक द्या, मीही तक्रार टाकतो. दुरुस्त करतानाच ३००० केल्व्हिनच्या आतला आणि झाकणाचा बसवा असं लिहीन.

पायवाट

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. लिहा जरूर. फक्त झाकण मागताना तुमच्या खिडकीबरोबर माझा फुटपाथही झाकला जाणार नाही एवढं बघा.